माळवदाचे घर

माळवदाचे घर किंवा धाब्याचे घर हा मातीच्या सपाट छताचा पारंपरिक घरप्रकार आहे. तो महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागात आणि त्याला लागून असलेल्या सोलापूर, अहिल्यानगर, बुलढाणा व खानदेश या प्रदेशांत आढळतो. दगडमातीच्या जाड भिंती, घराच्या आत उभा केलेला लाकडी खांबांचा सांगाडा आणि त्यावर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर ही या घराची मुख्य लक्षणे होत. जालना जिल्ह्यातील वाटूर ज्यात येते तो परतूर व मंठा तालुक्यांचा परिसर या घरप्रकाराच्या क्षेत्रात मोडतो. देशमुख-पाटलांच्या गढ्या व सावकारांचे चौसोपी वाडे यांची नोंद इतिहासग्रंथांत होते. सामान्य कुणबी, कारागीर व छोट्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या साध्या माळवदी घरांची नोंद मात्र बहुधा खरेदीखते, वाटणीपत्रे व घरपट्टीच्या वह्यांपुरतीच राहिली. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने अशा साध्या घरांची रचना आणि त्यांच्या मालकीचा इतिहास दिला आहे.

नाव

‘माळवद’ हा शब्द मुळात मातीच्या सपाट छतासाठी वापरला जातो आणि त्यावरून संपूर्ण घरालाही तेच नाव पडले आहे. खानदेश व विदर्भाच्या काही भागांत याच छताला ‘धाबे’ म्हणतात. घराचा आकार सांगताना खोल्या मोजण्याऐवजी ‘खण’ मोजण्याची रीत आहे. दोन ओळींतील खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. त्यामुळे ‘तीन खणांचे घर’ किंवा ‘पाच खणांचे माळवद’ असा उल्लेख बोलण्यात आणि जुन्या दस्तऐवजांतही आढळतो.

‘पांढरी’ हा शब्द या घरांच्या संदर्भात दोन अर्थांनी येतो. एका अर्थाने ती छतासाठी व भिंतींसाठी लागणारी चुनखडीयुक्त फिकट माती होय. दुसऱ्या अर्थाने ती गावाची वस्तीची जागा, म्हणजेच गावठाण होय. पिकाऊ जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची प्रथा दख्खनमध्ये जुनी आहे. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या जागी पडलेल्या भिंती, चुलीची राख आणि केरकचरा साचून तेथील मातीचा रंग व गुण बदलतो. घर ज्या जागेवर उभे राहते आणि ज्या मातीचे बनते, त्या दोहोंना एकच नाव असण्यामागे हे कारण आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

मराठवाड्याचा बहुतेक भूभाग बेसाल्ट खडकाचा असून त्यावर काळ्या कापसाच्या मातीचा थर आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. म्हणून ती छतासाठी निरुपयोगी ठरते व पायासाठीही धोक्याची असते. याउलट पांढरी माती फारशी फुगत नाही, दाबली असता घट्ट बसते आणि वाळल्यावर कमी तडकते.

या प्रदेशात पाऊस कोकणाच्या तुलनेने पुष्कळ कमी पडतो आणि तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. मुसळधार पावसाच्या कोकणात उतरते कौलारू छप्पर अपरिहार्य होते. मराठवाड्यात मात्र सपाट छत पावसाला पुरे पडते आणि मातीचा जाड थर दुपारचे ऊन आत पोहोचू देत नाही. दिवसा शोषलेली उष्णता रात्री हळूहळू बाहेर पडत असल्याने घराचा अंतर्भाग दुपारी थंड व हिवाळ्याच्या रात्री उबदार राहतो. चांगल्या लांबीच्या इमारती लाकडाची टंचाई हेही एक कारण होते. कौलारू छपराला लांब वासे व कैच्या लागतात. माळवदाला जवळजवळ उभ्या केलेल्या खांबांवर आखूड लाकडेही चालतात.

रचना

पाया व भिंती

काळी माती उकरून मुरुम किंवा खडक लागेपर्यंत पाया खणला जातो आणि तो ओबडधोबड दगडांनी भरला जातो. त्यावर जोते बांधतात. भिंत साधारणतः दोन ते तीन फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड असते. तिचे बाहेरचे व आतले असे दोन स्वतंत्र थर रचून मधली पोकळी दगडाच्या कपच्या व चिखलाने भरली जाते. सधन घरांत बाहेरचा थर घडीव दगडाचा असून त्यात चुना वापरलेला दिसतो. साध्या घरात दर्शनी भागाचा थोडा हिस्साच घडीव असतो, उरलेली भिंत अनघड दगड व मातीची असते. अनेक घरांत जोत्यापासून काही फुटांपर्यंत दगड व त्यावर कच्च्या विटांचे किंवा नुसत्या पांढऱ्या मातीचे बांधकाम आढळते.

बाहेरच्या भिंतींना खिडक्या नसतात किंवा फार थोड्या असतात. उष्णता व धूळ यांपासून बचाव हे त्याचे एक कारण आहे आणि सुरक्षितता हे दुसरे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखात पेंढाऱ्यांच्या धाडी, तसेच रोहिले व अरब शिबंदीचा उपद्रव यांमुळे गावे असुरक्षित होती. एकमेकांना टेकून बांधलेली, एकच दार असलेली आणि बाहेर आंधळ्या भिंती असलेली घरे ही त्या परिस्थितीची खूण मानता येते.

खण व खांब

या घराचे वैशिष्ट्य असे की छताचा भार मुख्यतः भिंतींवर नसून आतील लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब उभा करतात. त्याच्या माथ्यावर आडवा लाकडी ठोकळा बसवून त्यावर तुळई ठेवतात. तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर किलचन, म्हणजे लाकडाच्या लहान फळ्या किंवा चिपा जवळजवळ मांडतात. जोडकाम प्रामुख्याने खाच व कुसू यांचे असून लोखंडी खिळ्यांचा वापर कमी असतो.

श्रीमंतांच्या वाड्यांत सागवानी खांब, कोरीव नक्षी व किलचनाच्या जागी फळ्यांची तक्तपोशी असते. साध्या घरांत कडुनिंब, बाभूळ, आंबा अशा शेताच्या बांधावर मिळणाऱ्या झाडांचे लाकूड वापरले जाई. त्यामुळे खांबांची जाडी व सरळपणा एकसारखा नसतो आणि खणाची रुंदीही मिळालेल्या लाकडाच्या लांबीनुसार ठरते. नक्षीकाम केलेच तर ते मुख्य दाराची चौकट, गणेशपट्टी आणि ओसरीच्या पुढच्या दोन खांबांपुरते मर्यादित असते.

छत

किलचनावर कडुनिंबाचा पाला, तुराट्या, पऱ्हाट्या किंवा पाचट यांचा थर देतात. कडुनिंबाचा पाला वाळवी व किडीला अटकाव करतो असा अनुभव आहे. त्यावर चिखलाचा गिलावा आणि त्यावर पांढऱ्या मातीचे एकावर एक थर देऊन ते धुम्मसाने व चोपणीने ठोकून बसवतात. शेवटच्या थरासाठी अनेक गावांत खारी किंवा चोपण माती वापरली जाते. अशा मातीत सोडियमचे प्रमाण अधिक असते. ती ओली झाली की तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि पाणी खाली झिरपणे कमी होते. क्षारांमुळे तिच्यावर गवतही कमी उगवते. शेतीला निकामी ठरलेली जमीन घरासाठी उपयोगी पडते, ती अशी.

छताला एका बाजूला हलका उतार ठेवून कडेला लाकडी, दगडी किंवा अलीकडे पत्र्याच्या पन्हळी बसवतात. पन्हळीचे पाणी कोणाच्या अंगणात किंवा बोळात पडावे हा शेजाऱ्यांमधील वादाचा नेहमीचा विषय असून जुन्या वाटणीपत्रांत त्याविषयी स्पष्ट अट घातलेली आढळते. प्रकाश व धुराच्या निकासासाठी छतातच एक लहान चौकोनी किंवा गोल छिद्र ठेवतात. त्यास ‘साणे’ म्हणतात. पावसाळ्यात ते दगडाने, फुटक्या घागरीने किंवा पत्र्याने झाकले जाते.

माळवद हे केवळ छप्पर नसून घराचा वापरातला भागही होते. उन्हाळ्यात रात्री तेथे झोपणे, पापड-सांडगे, मिरच्या व डाळी वाळत घालणे ही कामे तेथे चालत. शेजारच्या घरांची माळवदे एकमेकांना लागून असल्याने स्त्रियांना रस्त्यावर न उतरता एका घरातून दुसऱ्या घरात जाता येई.

आतील मांडणी

मोठ्या घरात दिंडी दरवाजातून आत शिरल्यावर प्रथम ‘ढाळज’ लागते. दाराच्या एका किंवा दोन्ही बाजूंना असलेल्या या उंच बैठकीवर पाहुण्यांची ऊठबस, हिशेब व गावगप्पा होत. त्यापुढे उघडा चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, स्वयंपाकघर व देवघर अशी मांडणी असते. साध्या घरात ढाळज नसते किंवा ती दाराशेजारच्या ओट्यापुरती उरते. चौकाच्या जागी पुढचे वा मागचे अंगण असते आणि ओसरीचाच एक खण गोठा म्हणून वापरला जातो. बैलजोडी घराच्या आत, माणसांच्या नजरेसमोर बांधणे हे कुणब्याच्या घराचे लक्षण होते.

जाड भिंतींचा उपयोग साठवणीसाठी करून घेतलेला असतो. देवळ्या, कोनाडे व खुंट्या भिंतीतच असतात. ‘बळद’ ही भिंतीला लागून किंवा दोन भिंतींच्या मध्ये केलेली धान्याची बंदिस्त कोठी असून तिच्यात वरून धान्य टाकतात आणि खालच्या लहान तोंडातून काढतात. जमिनीखाली खणलेल्या ‘पेवा’त ज्वारी साठवली जाई. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांचा अनुभव घेतलेल्या प्रदेशात घराची किंमत त्याच्या खणांइतकीच त्याच्या बळदा-पेवांवर ठरत असे.

कारागीर व देखभाल

बांधकाम बलुतेदारी व्यवस्थेतील कारागीर आणि घरची माणसे मिळून करीत. खांब, तुळया व दारे सुताराकडे, कड्या-कोयंडे लोहाराकडे, दगडकाम पाथरवट व वडार यांच्याकडे असे. नेहमीच्या डागडुजीचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते म्हणून दिला जाई. नवीन बांधकामासाठी वेगळा ठराव होई. माती आणणे, तुडवणे व छत ठोकणे ही कामे भाऊबंद व शेजारी यांच्या मदतीने होत.

दरवर्षी मृग नक्षत्राच्या आधी माळवदावर नवी माती टाकून भेगा बुजवतात, उगवलेले गवत काढतात आणि पन्हळी साफ करतात. ही वार्षिक माती टाकण्याची रीत पुढे धोक्याचे एक कारण ठरली. जुना थर न काढता त्यावर नवा थर देत गेल्याने काही पिढ्यांत छताची जाडी दीड-दोन फुटांवर आणि क्वचित त्याहून अधिक झाली. घराच्या आतील जमीन शेणाने सारवणे आणि भिंती पांढऱ्या मातीने पोतारणे ही कामे स्त्रियांकडे असत. सणावाराआधी, विशेषतः दसरा-दिवाळीपूर्वी ती केली जातात.

मालकीचा इतिहास

निजाम राजवट

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकात संस्थानातील गावे दिवाणी (खालसा), सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, पायगा आणि जागिरी अशा वेगवेगळ्या प्रकारांत विभागलेली होती. गाव कोणत्या प्रकारात मोडते यावर घराच्या जागेसाठी परवानगी कोणाकडून घ्यायची व कर कोणाला भरायचा हे ठरे. प्रत्यक्षात गावातील जागा देण्याघेण्याचा व्यवहार पाटील-कुलकर्ण्यांच्या संमतीने व पंचांच्या साक्षीने चाले. घरे, कारागीर व दुकाने यांवर मोहतर्फा नावाची करपट्टी असे.

पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३–१८८३) महसूल व्यवस्थेची फेररचना झाली. १८६५ मध्ये संस्थानाची जिल्हावार विभागणी झाली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी हाती घेण्यात आली. या मोजणीचा हेतू शेतसारा ठरवणे हा होता. त्यामुळे काळ्या जमिनीचे सर्व्हे क्रमांक पडले, तिच्या सीमा व आकार नोंदले गेले. पांढरी मात्र नकाशावर एकसंध तुकडा म्हणून दाखवली गेली. गावठाणाच्या आतील प्रत्येक घराची वेगळी मोजणी झाली नाही. शेताचा मालक सरकारी दप्तरात सापडतो, पण त्याच माणसाच्या घराची मालकी केवळ वहिवाटीवर व खासगी कागदांवर टिकून राहते, ही स्थिती येथून सुरू झाली.

पांढरीतील जागेचे वाटप जातिव्यवस्थेनुसार झाले होते. महारवाडा व मांगवाडा मुख्य वस्तीपासून वेगळे असत आणि तेथील रहिवाशांचा जागेवरील हक्क गावकीच्या सेवेशी जोडलेला मानला जाई. या वस्त्यांत कुडाच्या भिंती व गवती छपरे यांचे प्रमाण अधिक होते. माळवदाचे घर हे त्यामुळे सामाजिक स्थानाचेही चिन्ह होते. ‘साधे’ माळवदी घर गावातील सर्वांत गरीब घर नव्हते, हे या घरांचा अभ्यास करताना लक्षात घ्यावे लागते.

कागदपत्रे

एकोणिसाव्या शतकातील घराच्या मालकीचा माग पुढील प्रकारच्या कागदांवरून काढता येतो : कबाला (खरेदीखत), गहाणखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र व मृत्युपत्र. मुसलमान कुटुंबांत हिबानामा, म्हणजे हयातीत केलेले दान, आणि मेहेराच्या बदल्यात पत्नीच्या नावे केलेले घर असेही दस्त आढळतात. इनामी गावांत इनामाच्या चौकशीनंतर दिला जाणारा मुंतखब उपयोगी पडतो.

खासगी दस्त बहुधा मोडी लिपीतील मराठीत असत. संस्थानची दरबारी भाषा आधी फारसी होती आणि १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. त्यामुळे एकाच घराचे कागद मोडी, फारसी व उर्दू अशा तीन प्रकारांत असू शकतात. त्यांवरील काल बहुधा फसली सनात असतो. फसली सनात साधारणपणे ५९० मिळवले असता इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १२९५ म्हणजे १८८५-८६. रक्कम हाली शिक्क्याच्या रुपयांत दिलेली असते. घराचे वर्णन क्षेत्रफळाने न देता खणांची संख्या आणि चतुःसीमा यांनी दिले जाते : पूर्वेस अमुकाची भिंत, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस तमुकाचे परसू. शेजारी बदलले, बोळ बुजला किंवा भिंत पडली की या वर्णनाचा अर्थ लावणे कठीण होते.

दुष्काळ, लग्नकार्य व शेतीचा तोटा या प्रसंगी शेताबरोबर घरही सावकाराकडे गहाण पडे. अनेक व्यवहारांत घराचा ताबा मूळ कुटुंबाकडेच राही. त्यामुळे कागदावरचा मालक एक व राहणारा दुसरा अशी स्थिती निर्माण होई.

वाटणी

एकत्र कुटुंब विभागले की घराची वाटणी खणांवर होई. खांबांची ओळ ही तयार सीमारेषा असल्याने एका भावाला दोन खण, दुसऱ्याला दोन खण आणि ढाळज, आड व मागचे दार सामाईक अशी विभागणी करणे सोपे जाई. त्यानंतर ओसरीत किंवा चौकात मातीची भिंत घातली जाई आणि नव्या भागाला रस्त्याकडे स्वतंत्र दार पाडले जाई. आज एखाद्या गल्लीत एकाच उंचीची, एकाच घडणीच्या दगडांची पण तीन-चार दारांची सलग दर्शनी भिंत दिसली, तर ती बहुधा एकाच मूळ घराची असते. तीन-चार पिढ्यांनंतर एकेका वारसाकडे खणाचाही अंश उरतो. छत मात्र सलग असते. एकाने आपल्या भागावरची माती काढली किंवा खांब हलवला, तर शेजारच्या भागालाही धोका पोहोचतो. म्हणून घराची दुरुस्ती सर्व हिस्सेदारांच्या संमतीवर अवलंबून राहते आणि संमती न मिळाल्यास घर पडके होते.

स्त्रियांचा हक्क

जुन्या वाटणीपत्रांत विधवांसाठी ‘हयात असेतोवर राहण्यास’ एक खोली व चोळीबांगडीची तरतूद आढळते. ही मालकी नसून केवळ वास्तव्याचा हक्क होता. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळाला. तरी त्याच कायद्याच्या कलम २३ ने राहत्या घराला अपवाद केला होता. पुरुष वारस स्वतःहून वाटणी करीपर्यंत स्त्री वारसाला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. लग्न झालेल्या मुलीला तेथे राहण्याचा हक्कही ती विधवा, परित्यक्ता किंवा पतीपासून विभक्त असेल तरच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायक म्हणून मान्यता देणारी दुरुस्ती केली. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून कलम २३ रद्द झाले व मुलगी जन्माने सहदायक ठरली. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हा हक्क वडील २००५ मध्ये हयात असण्यावर अवलंबून नाही असे स्पष्ट केले. जुन्या माळवदी घरांच्या वारसनोंदींत मुलींची नावे पूर्वी बहुधा घेतली गेली नव्हती. त्यामुळे आज अशा घराची विक्री किंवा नोंद करताना हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

१९४८ नंतर

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जागिरी आणि १९५४ च्या कायद्याने इनामे रद्द झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. पाटीलकीचे महसुली पद १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले. परतूर तालुका पूर्वी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. जुने दप्तर शोधणाऱ्याला म्हणूनच जालन्याखेरीज परभणी, छत्रपती संभाजीनगर व हैदराबाद येथेही जावे लागते.

ग्रामपंचायत अधिनियमानुसार (१९५८) घरपट्टी आकारण्याचे काम ग्रामपंचायतीकडे आले. करआकारणीची नोंदवही ‘नमुना ८’ या नावाने ओळखली जाते. ग्रामीण भागात नमुना ८ चा उतारा घराच्या मालकीचा कागद म्हणून सर्रास वापरला जातो. वस्तुतः तो कर कोणाकडून वसूल करायचा हे दाखवणारा अभिलेख आहे. केवळ त्या आधारावर मालकी सिद्ध होत नाही.

गावठाणातील प्रत्येक मिळकत मोजून तिची मिळकत पत्रिका देण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये होती. परंतु अशी मोजणी मुख्यतः मोठ्या गावांपुरती मर्यादित राहिली. ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. २०१९ मध्ये राज्याने गावठाण भूमापनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने देशभरासाठी स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोनच्या छायाचित्रात वरून छताची सीमा दिसते. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात ती स्पष्ट असते. एकमेकांना जोडलेल्या माळवदांत मात्र कोणाचे घर कोठे संपते हे वरून कळत नाही; भिंतीची मालकी, सामाईक बोळ व खणांची वाटणी यांची चौकशी जागेवर जाऊनच करावी लागते. एकोणिसाव्या शतकात न झालेली नोंद आज होत असल्याने या चौकशीत हजर राहून जुने कागद दाखवणे हिस्सेदारांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

किल्लारीचा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. या तीव्रतेच्या मानाने जीवितहानी फार मोठी झाली. लोक झोपेत होते आणि बहुसंख्य घरे माळवदी होती, ही त्याची प्रमुख कारणे होत.

दीड-दोन फूट मातीच्या छताचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलो भरते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीच्या डोक्यावर अशा प्रकारे सात टनांहून अधिक माती असते. भिंतीच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड नसल्याने हादऱ्यात दोन्ही थर सुटले व दगड आत-बाहेर कोसळले. जेथे छत थेट भिंतींवर टेकवलेले होते तेथे भिंतीबरोबर छतही खाली आले. जेथे आतील लाकडी सांगाडा शाबूत होता अशा काही घरांत भिंती पडूनही छत खांबांवर उभे राहिले आणि आतील माणसे वाचली. खणांच्या जुन्या पद्धतीतून लाकूड वाचवण्यासाठी खांब कमी करत जाणे किती महाग पडू शकते, हे यातून दिसून आले.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथे एकमेकांना चिकटलेल्या घरांऐवजी सरळ रस्ते व सुटी घरे आली. उभ्या राहिलेल्या घरांसाठी मजबुतीकरणाचे उपाय सुचवण्यात आले. छतावरील माती काढून थर साधारण २० सेंटिमीटरपर्यंत कमी करणे, भिंतीत आरपार जाणारे काँक्रीटचे जोड बसवणे, खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे आधार देणे आणि भिंतींना सलग पट्टा बांधणे हे त्यांतील प्रमुख उपाय होत. भूकंपापूर्वी हा भाग भूकंपप्रवणतेच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. २००२ च्या सुधारित भारतीय मानकात त्याचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात करण्यात आला.

सद्यस्थिती

हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपर्यंत पोहोचल्यानंतर जालना व परतूर ही स्थानके बाहेरच्या बाजारपेठांशी जोडली गेली. पुढील काळात कौले, लोखंडी पत्रे आणि नंतर सिमेंट गावोगाव उपलब्ध झाले. १९९३ नंतर माळवदाविषयी लोकांच्या मनात भीती बसली आणि नव्याने अशी घरे बांधणे जवळजवळ थांबले. जुन्या घरांत छत उतरवून जागोजागी पत्रे टाकण्यात आले. त्यामुळे भार कमी झाला, परंतु उन्हाळ्यातील गारवाही गेला.

प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीणमध्ये (२०१६) सपाट प्रदेशातील लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपयांचे मूळ साहाय्य ठरवण्यात आले असून घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. घरकुलासाठी स्वतःच्या जागेचा पुरावा लागतो. सामाईक माळवदी घरात खणाचा अंश असलेल्या वारसाला तो देणे अवघड जाते. परिणामी काही कुटुंबे गावठाणाबाहेर शेतात किंवा फाट्यावर घर बांधतात आणि जुने घर बंद पडते. एक पावसाळा माती न टाकता गेला की साण्यातून व भेगांतून पाणी शिरते, किलचन कुजते, तुळया वाळवीला बळी पडतात आणि थोड्याच वर्षांत छत खचते. पडक्या घरांतील खांब, दारे व कोरीव चौकटी विकल्या जातात. शहरांतील उपाहारगृहे व बंगले यांच्या सजावटीसाठी त्यांना मागणी आहे.

प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्या संरक्षणाचे कायदे मुख्यतः मंदिरे, किल्ले, लेणी व मोठे वाडे यांना लागू केले जातात. सामान्य माळवदी घर त्या यादीत क्वचितच येते. दुसरीकडे, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी व संशोधक कमी खर्चाच्या, वातानुकूलनाची गरज नसणाऱ्या घरांचा अभ्यास करताना या रचनेकडे वळले आहेत. पातळ केलेला मातीचा थर, भक्कम लाकडी किंवा लोखंडी सांगाडा आणि आरपार बांधलेल्या भिंती एकत्र आणल्यास माळवदाचा गारवा राखून त्याचा धोका बराच कमी करता येतो, असे या अभ्यासाचे सूत्र आहे. घराची मोजमापे, खणांची रचना, दस्तांतील वर्णन आणि वृद्ध रहिवाशांकडील माहिती यांची एकत्र नोंद ठेवण्याचे काम मात्र बहुतेक गावांत अद्याप व्हायचे आहे.